डॉक्टर मोरजकरांचा व्हाळ

आमच्या डॉक्टर मोरजकरांनी कुणाचं तोंड आधी पाहिलं, असं मला तरी आठवत नाही. समोर माणूस आला की त्यांची नजर थेट त्याच्या पोटावर जाते. बेंबीच्या वर आणि छातीच्या हाडाच्या खाली जी चार बोटं जागा असते ना, तिथं. आमच्या इस्पितळाच्या ऑफिसमधल्या क्लार्कच्या लग्नात नवरदेवाचा हात हातात घेऊन शुभेच्छा देतानासुद्धा ते तिथंच बघत होते. नवरदेवानं बिचाऱ्यानं दोनदा शर्टाची बटणं चाचपली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सकाळपासून पाणी पियांक नाय तू," आणि जेवणाच्या पंगतीकडे निघून गेले. नवरदेव खरोखरच प्यायला नव्हता. त्याच्या सासूनं लगेच सरबत मागवलं.

मी वंदना. डिचोलीजवळच्या एका इस्पितळात ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. डॉक्टर मोरजकर आमचे भुलीचे डॉक्टर. साठीला टेकलेले, किडकिडीत, पेडण्याच्या पलीकडच्या एका गावातून रोज स्वतःची जुनी गाडी हाकत येतात. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात एक डबा, एक लांबडी वही, निळ्या रेघेचा एक कोप, म्हणजे आमच्याकडचा काचेचा पेला, आणि हाताएवढं सोनोग्राफीचं मशीन. त्यांचा सगळा संसार या पिशवीत आहे असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

आता त्या चार बोटं जागेचं काय ते सांगते. कमरेखालचं ऑपरेशन असलं की पाठीच्या कण्यात एक इंजेक्शन देतात. पाच मिनिटांत खालचं अंग बधिर होतं, माणूस जागाच असतो. पण काही जणांचं ब्लडप्रेशर त्यानंतर धाडकन खाली येतं. मळमळतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. कुणाचं येईल आणि कुणाचं नाही, हे तोंडावरून कळत नाही. बाकीचे भूलवाले इंजेक्शन देतात, मॉनिटरकडे बघत बसतात आणि प्रेशर पडलं की औषध देतात. डॉक्टर मोरजकरांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, घर पेटल्यावर विहीर कसली खणता?

म्हणून ते इंजेक्शनाच्या आधी पेशंटला उताणा झोपवतात, छातीच्या हाडाखाली थंडगार जेल लावतात आणि मशीनचा प्रोब टेकवतात. आत एक मोठी शीर असते, सगळ्या शरीराचं रक्त हृदयाकडे नेणारी. तिला ते व्हाळ, म्हणजे ओढा, म्हणतात. श्वास आत घेतला की हा व्हाळ बारीक होतो, सोडला की रुंद होतो. थोडासा बारीक झाला तर ठीक. पार चपटा झाला तर समजायचं की व्हाळ आटलाय, इंजेक्शन दिलं की प्रेशर पडणार. दोन मापं घ्यायची, वजाबाकी करायची, भाग द्यायचा. मग डॉक्टर एका चिठ्ठीवर 'पडणार' किंवा 'राहणार' एवढा एकच शब्द लिहितात, चिठ्ठीची घडी माझ्या एप्रनच्या खिशात घालतात आणि पंधरा मिनिटांनी उघडायला सांगतात. सुरुवात मात्र ठरलेली. हात चोळायचे आणि म्हणायचं, "बघूया, व्हाळ काय म्हणता."

यावरून आमच्या सर्जननी त्यांना किती पिडलं असेल, देवा सायबा! ते म्हणायचे, "मोरजकर, चिठ्ठीत 'पडणार' लिहिता, आणि वर आधीच सलाइन लावून प्रेशर सांभाळता. मग पडतच नाही. म्हणजे तुमचं भाकीत खोटंच झालं की!"

डॉक्टर शांतपणे सांगायचे, "पाऊस पडतलो म्हणून छत्री घेतली. भिजलंय नाय. म्हणून पाऊस खोटो?"

"पण पाऊस पडला का?"

"छत्रीक विचारा," असं म्हणून ते पेशंटच्या उशाशी स्टूल ओढून बसायचे. हा वाद मी कितीतरी वेळा ऐकला असेल. दोघांपैकी एकालाही तो संपवायचा नव्हता.

चिठ्ठी चुकली की मात्र बघायला नको. दिवसभर चहा बंद. आणि चूक नेहमी पेशंटची! "खोटा सांगल्यान त्याणां," असं पुटपुटत फिरायचे. कारण मशीन लावायच्या आधी ते प्रत्येकाला एक प्रश्न विचारतात. "शेवटचा पाणी कोणी दिल्यान?"

किती वाजता, हेही विचारतात, पण ते नंतर. आधी कोणी दिलं ते. आता ऑपरेशनच्या टेबलावर झोपलेल्या माणसाला 'शेवटचं पाणी' म्हटल्यावर काय वाटेल, सांगा! साखळी गावची एक बाई तर रडायलाच लागली, म्हणाली, मुलांना बोलवा. मी कितीदा म्हटलं, डॉक्टर, निदान शब्द तरी बदला. तर म्हणे, शब्दाला काय झालंय, माणूस रडला की खरं बोलतो. उत्तर मिळालं की ते वहीत लिहायचं. वहीत रकाने आहेत. नाव, गाव, वय, व्हाळाची दोन मापं, चिठ्ठी, प्रत्यक्षात काय झालं, आणि सगळ्यांत शेवटी 'पाणी कोणी दिलं'. तिथं नाव लिहीत नाहीत, नातं लिहितात. सून. बायको. शेजारीण. नात. मी एकदा विचारलं, याचा व्हाळाशी काय संबंध? त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "असता गो संबंध."

खरं तर इंजेक्शनाच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी प्यायला चालतं. पण आपल्या माणसांना कोण समजावणार? डॉक्टरनं एक सांगितलं की आपण दोन पाळायचं! रात्री जेवणानंतर काही खाऊ नका म्हटलं, तर हे सकाळपासूनच तोंड बांधून बसतात. त्यातून एखादीचा नवस असला तर विचारायलाच नको.

मांद्र्याची एक म्हातारी आली होती, खुब्याचं हाड मोडून. मुलगा किनाऱ्यावर गेस्ट हाऊस चालवतो. ऑपरेशन करावं की नाही, म्हणून घरच्यांनी आधी गावच्या देवळात प्रसाद लावला होता. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, आणि उजवीकडची आधी पडली तर देवाचा होकार, डावीकडची पडली तर नकार. उजवी पडली. त्या आनंदात म्हातारीनं ऑपरेशन होईपर्यंत पाण्याचा थेंब न घेण्याचा नवस बोलला. डॉक्टरनी प्रोब टेकवला तर व्हाळ कोरडा ठणठणीत.

"आटलो," डॉक्टर म्हणाले. "आत्ता जमाचा नाय."

म्हातारी भडकली. "देवान उजवो दिलो आणि तुझी मशीन डावो देता? मोठी शाणी ती!"

मी तोंडावरचा मास्क आणखी वर ओढला. सर्जन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. डॉक्टर मोरजकर मात्र हात जोडून तिला म्हणाले, "देवान ऑपरेशनाक उजवो दिल्यान गे आवय. उपासाक नाय. उपासाचा तुया विचारलंस खंय?"

म्हातारीनं विचार केला. पाकळी उपासासाठी लावली नव्हती, हे तिला कबूल करावं लागलं. मग सुनेच्या हातून ती दोन कोप पाणी प्याली आणि दुपारी टेबलावर आली. जाताना मशीनलाही हात जोडून गेली. तेव्हापासून सगळा वॉर्ड त्या मशीनला प्रसादच म्हणतो. 'उजवो मां, दोतोर?' असं विचारल्याशिवाय पेशंट कूस बदलत नाहीत.

अशा माणसाचं घर कसं असेल, याबद्दल आमच्यात बरेच तर्क होते. ते घरातलं फारसं बोलत नसत. डबा मात्र रोज आणायचे, त्यामुळे घरी कुणीतरी असणार असं आम्ही धरून चाललो होतो. मध्ये एकदा कोल्हापूरला लग्न आहे म्हणून आठवडाभर रजेवर गेले, आणि परत आल्यावर खिशात गोळ्यांची पाकिटं दिसू लागली. मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की लग्नबिग्न काही नव्हतं, हृदयात स्टेंट बसवून आले होते. "सोबत कोण होतं?" मी विचारलं. "डॉक्टर होते की," ते म्हणाले. तिथंही त्यांचं काही चुकलं नव्हतं म्हणा!

त्याच सुमारास बेळगावकडचा एक कामगार आला. बांधकामावरून पडून पाय मोडला होता. डॉक्टरनी ठरलेला प्रश्न विचारला.

"कोण देतंय ओ डॉक्टर," तो म्हणाला. "गाववाली समदी साईटवर गेल्यात."

व्हाळ चपटा. डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, याला दुसऱ्या नंबरवर घ्या. सर्जनचा पारा चढला. लिस्ट लागलेली, माणसं तयार, आणि एका पेला पाण्यासाठी सगळं उलटंपालटं? सलाइन लावा की, पंधरा मिनिटांत भरेल! "सलाइन लावतंयच," डॉक्टर म्हणाले, "पण पाणी पण होया." आणि पिशवीतला निळ्या रेघेचा कोप घेऊन बाहेर गेले. मला वाटलं, चहाला गेले. मला राग आला होता, खरं सांगते. माझी पण लिस्ट उलटी झाली होती.

आता मुख्य गोष्ट. डॉक्टर मोरजकरांना हर्निया होता. किती वर्षं लपवला होता, देव जाणे. शेवटी एक दिवस स्टुलावरून उठताना कळवळले आणि सर्जननी पकडलं. ऑपरेशन ठरलं. आता गंमत संपली, कारण स्टेंट असलेल्या हृदयाला प्रेशर धाडकन पडणं परवडणारं नव्हतं. पूर्ण भूल नको, पाठीतलंच इंजेक्शन बरं, असं ठरलं. देणार होत्या आमच्या नव्या डॉक्टर स्नेहल. हुशार मुलगी, पण चिठ्ठ्याबिठ्ठ्या तिला हसण्यावारी न्यायच्या वाटतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वंदनाबाय, व्हाळ तू बघ. हात तुका मी शिकयलोसा. चिठ्ठी पण तूच लिही."

आदल्या संध्याकाळी भरती व्हायला मात्र ते काही तयार नव्हते. सकाळी स्वतः गाडी चालवत आले. पेशंटबरोबर कुणी दिसेना, म्हणून वॉर्डच्या सिस्टरनं फॉर्मवरचा नातेवाइकांचा नंबर लावला. डॉक्टरांच्या कापडी पिशवीत फोन वाजायला लागला. तिनं कापला, परत लावला. परत पिशवी वाजली. डॉक्टर छताकडे बघत म्हणाले, "लागता मां? मगे झाला तर."

आम्ही हसलो. मीही हसले. नंतर थिएटरकडे ट्रॉली ढकलताना ते हसू मला जड झालं.

आठ वाजता ते टेबलावर उताणे होते. मी जेल लावलं. आयुष्यभर दुसऱ्यांना लावलेलं ते जेल इतकं थंड असतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं, कारण ते चक्क ओरडले. मी प्रोब टेकवला. श्वास घ्या म्हटलं. पडद्यावरची ती काळी पट्टी श्वासासरशी मिटून गेली. व्हाळ असा नव्हताच, नुसती रेघ.

जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर आलं. "डॉक्टर, शेवटचं पाणी कोणी दिलं?"

"कित्याक विचारतंस?"

"वहीत रकाना आहे म्हणून."

डॉक्टर स्नेहल पाकिटातून सुई काढता काढता थांबली. सर्जन हातमोजे घालून उभे होते.

"काल सांजेपासून नाय घेवक," डॉक्टर म्हणाले.

अगो बाय! अख्ख्या वॉर्डशी पाण्यासाठी भांडणारा हा माणूस! मी चिडलेच. "सहापर्यंत चालतं, हे तुम्हीच भिंतीवर लिहून लावलंयत ना? मग घरी असताना एक पेला घ्यायला काय झालं होतं?"

"एकट्याक तान लागत नाय गो," ते म्हणाले. एकट्याला तहान लागत नाही, हे अगदी सहज, औषधाचा डोस सांगावा तसं.

मी चिठ्ठी लिहिलीच नाही. सर्जनना म्हटलं, यांना दुसऱ्या नंबरवर घ्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी हातमोजे काढून टाकले आणि म्हणाले, "गुडघ्याची केस आणा आधी." डॉक्टर स्नेहल म्हणाली, "सिस्टर, सलाइननं होईल ना ते." मी म्हटलं, "लावा सलाइन. पण पाणी पण होया." हे वाक्य माझं नाही हे तिच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं.

पिशवीतून कोप काढला, भरला आणि त्यांना उठवून बसवून माझ्या हातानं पाजला. लहान मुलासारखे दोन्ही हात लावून प्याले. अर्धा झाल्यावर थांबले, तर मी म्हटलं, सगळं. सगळं प्याले.

साडेदहाला परत टेबलावर. व्हाळ काय म्हणतो ते बघितलं. श्वास घेतला की जरासा आक्रसत होता, पण मिटत नव्हता. मापं घेतली, वजाबाकी केली, चिठ्ठी लिहून स्वतःच्या खिशात घातली. इंजेक्शन झालं. ती पंधरा मिनिटं मी कशी काढली ते मला विचारू नका. दर दोन मिनिटांनी दंडावरचा पट्टा फुगायचा आणि मी खिशातली चिठ्ठी चाचपायची. प्रेशर थोडं उतरलं, तिथंच थांबलं आणि पुढं हललं नाही.

"चिठ्ठी," डॉक्टर टेबलावरून म्हणाले.

मी उघडून दाखवली. 'राहणार.' डॉक्टर स्नेहल म्हणाली, हे सलाइननं झालं की पाण्यानं, ते सांगता येणार नाही. डॉक्टर मोरजकरांनी डोळे मिटून घेतले होते, पण आवाज आला. "छत्रीक विचार."

दुपारी रिकव्हरीच्या खोलीत ते पडले होते. पायात हळूहळू जीव येत होता. मी वही घेऊन गेले, कारण रकाने भरल्याशिवाय त्यांना झोप आली नसती. नाव, गाव, वय लिहिलं. सकाळचं माप, नंतरचं माप. शेवटच्या रकान्यात 'वंदना' लिहायला लागले, तर म्हणाले, "नाव नाय. नाता लिवचा."

"आता नातं काय लिहू?"

"मागे बघ, कशी लिवतंत ती."

मी पानं मागं उलटली. सून, बायको, शेजारीण. मांद्र्याच्या म्हातारीपुढे सून. आणखी मागे गेले तर तो बेळगावचा कामगार सापडला. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'भाऊ'.

मी थांबले. त्याला तर कुणीच नव्हतं. 'कोण देतंय' असं तो माझ्यादेखत म्हणाला होता. मग आठवलं, त्या दिवशी कोप घेऊन कोण बाहेर गेलं होतं, आणि मी मनातल्या मनात कुणावर चिडले होते. मी आणखी पानं चाळली. आमोण्याची एक म्हातारी होती, मूलबाळ नसलेली, वॉर्डातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्यापुढे 'मुलगा'. एका निराधार आजोबांपुढे 'पुतण्या'. रस्त्यावर सापडलेल्या एका बाईपुढे, जिचं नावसुद्धा आम्हाला धड कळलं नव्हतं, 'भाऊ'. सगळं त्यांच्याच बारीक अक्षरात. दर दोनचार पानांआड एकदा तरी. इतकी वर्षं मी ही वही हातात घेत होते आणि व्हाळाची मापं तेवढी वाचत होते. मला माझीच लाज वाटली.

मी त्यांच्या रकान्यात लिहिलं, 'बहीण'.

"काय लिवलंस?"

"तुम्ही लिहिता तसंच."

चष्मा त्यांच्याजवळ नव्हता. मी वही त्यांच्या डोळ्यांजवळ धरली. एका शब्दाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ते वाचत राहिले. मग मान वळवली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तान लागली गो," ते म्हणाले.

मी कोप भरायला उठले.